परळी खोऱ्यातल्या गारगोट्या, करटोली आणि भंगारातली शिवराई

श्रावण लागायच्या तोंडाला आम्ही बहीण-भाऊ साताऱ्याहून सज्जनगडाच्या रस्त्याला लागलो. आत्याचं गाव परळी खोऱ्यात, उरमोडीच्या अंगाला. बघायचं होतं ते तीन प्रकारचं: दगड, रानभाज्या आणि जुनी नाणी-भांडी. कुदळ-फावडं मुद्दाम घरीच ठेवलं. इकडं खणायचं काम दुसऱ्यांनी आधीच करून ठेवलेलं असतं. आपण त्यांच्या ढिगाऱ्यापाशी जायचं आणि विचारायचं.

सगळ्यात चांगला ढीग नव्या विहिरीचा. यारीनं (विहिरीवरच्या क्रेननं) वर काढलेला दगड कडेलाच टाकलेला असतो, आणि दोन-चार मोठे पाऊस झाले की त्याच्यावरची धूळ उतरून आतलं चमकायला लागतं. आपला काळा दगड म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या, आणि पुढं खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपून त्या पोकळ्यांत स्फटिक वाढले. बुडबुडे वर चढतात, म्हणून लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र असतो आणि मधला भाग घट्ट. त्यामुळं ढिगाऱ्यात टणक काळ्या दगडांवर वेळ घालवू नका. तांबूस किंवा हिरवट छटेचा, भोकं-भोकं असलेला, हाताला हलका लागणारा दगड उलटा करून बघा.

आम्हाला जास्त मिळाल्या त्या साध्या गारा, म्हणजे गारगोट्या (क्वार्ट्झ). पण एका पोकळीत फिकट गुलाबी स्टिलबाइट होता, गव्हाच्या पेंढीसारखा मधे आवळलेला आणि दोन्ही टोकांना फुललेला. दुसऱ्यात पांढऱ्या सुईदार स्फटिकांचा झुबका, बहुतेक स्कोलेसाइट. आत्या बांधावर उभी राहून बघत होती. म्हणाली, "आरं, आमी ह्या गारा वेचून टाकतो, आन् तू पिशवीत भरतूयास?"

ओळखायची सोपी रीत सांगतो. गार काचेवर ओरखडा काढते. स्टिलबाइट, हुलांडाइट, कॅल्साइट काढत नाहीत. कॅल्साइटवर ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतं, पण ही परीक्षा कोपऱ्यातल्या तुकड्यावर करा, कारण ॲसिडनं झिओलाइट (स्टिलबाइट, स्कोलेसाइट ह्या जातीची खनिजं) खराब होतात. घरी नेल्यावर साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. पांढरा लोमोंटाइट, तोही झिओलाइटच, मिळाला तर मन घट्ट करा: कोरड्या हवेत त्यातलं पाणी उडतं आणि त्याची भुकटी होत जाते.

शेतमालकाला विचारल्याशिवाय ढिगाऱ्याला हात लावायचा नाही. विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात, वर चहा होतो. विहिरीच्या काठाशी मात्र जाऊ नका, पावसात कडा ढासळतात. क्रशरच्या खाणीतही शिरू नका. सुरुंगानं खिळखिळ्या झालेल्या कड्याखाली एका स्फटिकासाठी उभं राहणं हा शुद्ध वेडेपणा आहे. फाटकावरच्या माणसाला विचारा, कामगारांनी बाजूला काढून ठेवलेले तुकडे असतात.

रानभाज्यांसाठी पुस्तक किंवा मोबाइलमधलं ॲप घेऊन निघणाऱ्यांना माझा सल्ला एकच: आधी गावातली एक बाई गाठा. आत्यानं कुंपणावरची करटोली दाखवली. तिचे नर वेल वेगळे आणि मादी वेल वेगळे. फळ नसलेला वेल बघून तो वांझ म्हणून उपटायचा नाही, तो नर असेल तर त्याच्यावाचून शेजारणीला फळ धरणार नाही. कंदही काढायचा नाही, पुढच्या पावसात त्यातूनच वेल येतो. कुर्डू आणि टाकळा कोवळा असतानाच घ्यायचा, तुरे आणि शेंगा आल्यावर मजा गेली. भारंगीची पानं कडू. उकडून, पाणी पिळून टाकून मग लसणाच्या फोडणीला. त्या रात्री करटोलीची भाजी ओलं खोबरं घालून झाली, बरोबर भाकरी. अशा जेवणावर जास्त लिहीत नाही, लिहिताना भूक लागते.

दोन गोष्टींपासून लांब राहा. एक कळलावी: पानाचं टोक वेटोळं होऊन आधाराला धरतं, फुलं लाल-पिवळी, दिसायला फार देखणी, आणि सगळी वनस्पती विषारी, कंद तर सगळ्यात जास्त. दुसरी अळिंबं. वारुळावरची खायची अळिंबं आत्या ओळखते, तरी शंका आली की टाकून देते. आपण तर तोडूच नयेत. आणि हल्लीचा खरा धोका म्हणजे तणनाशक. बांधावर कधी फवारलंय हे शेतकऱ्यालाच माहीत, तेव्हा तोडण्याआधी विचारा. राखीव जंगलातून काहीही आणू नका. कासच्या पठारावर तर पान-फूल सोडाच, खडाही उचलायचा नाही. २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे.

तिसरा भाग बाजारातला. मोडीवाल्याच्या (भंगारवाल्याच्या) पोत्यात अडकित्ते, गडवे, फुटकं घंगाळ, आणि तळाशी काळी पडलेली तांब्याची नाणी. त्यातल्या शिवराईच्या, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या नाण्याच्या, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपती'. महाराजांनंतरही ती खूप काळ पाडली जात होती, त्यामुळं हातात येणारी बहुतेक उत्तरकाळातली, अक्षरं कडेला तुटलेली असतात. सगळी अक्षरं पूर्ण, सगळी नाणी एकसारखी आणि अंगावर बारीक टोचे दिसले की ओतीव नक्कल समजा. घेतल्यावर चिंचेनं घासू नका, जुनेपणाचा थर गेला की किंमतही गेली. नजर बसवायची तर औंधचं पंतप्रतिनिधींचं संग्रहालय आधी बघून या.

किल्ल्यांवर मेटल डिटेक्टर फिरवणाऱ्यांशी माझं जमत नाही, आणि कायद्याचंही जमत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणं जमिनीत सापडलेला, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

सातारा बसस्थानकावरून सज्जनगड-ठोसेघर बाजूच्या एस.टी. मिळतात, पण शेवटची गाडी कधी ते आधी विचारून ठेवा. वर धुकं उतरलं की रिक्षाही मिळत नाही. बुटांचा तळ खाचांचा हवा, जांभ्या दगडावर शेवाळं धरतं. दगड गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं आणि भाजीला कापडी पिशवी वेगळी. नुसते दगडच हवे असतील तर श्रावणाची वाट बघू नका. विहिरी उन्हाळ्यात खणतात, म्हणजे जूनमधल्या पहिल्या पावसानंतर लगेच या, गवत वाढून ढीग झाकायच्या आत.