लिस्बन: चढू नका, उतरा

लिस्बनला निघताना ज्याने त्याने सांगितलं, ‘सात टेकड्यांचं शहर आहे, बूट चांगले घ्या.’ बूट घेतले, पण आईचे गुडघे तेच होते. पहिल्याच दिवशी उत्साहात बाइशा या खालच्या सपाट भागातून किल्ल्याकडे चालत निघालो आणि निम्म्या वाटेवर आई पायरीवर बसली ती उठेचना. समोरच्या खिडकीत एक आजीबाई वाळलेले टॉवेल काढत होत्या. त्यांनी हातानेच खुणावलं: खाली जा, लिफ्ट आहे.

खरंच आहे, आणि फुकट आहे. बाइशातल्या रुआ दुश फांकेइरुश या रस्त्यावरच्या एका जुन्या इमारतीतून ती वर नेते. तिथून चार पावलांवर सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट. किल्ल्याची बरीचशी चढण दोन लिफ्टमध्ये संपते. मग किल्ला बघून आल्फामा या जुन्या वस्तीतून रमतगमत नदीपर्यंत उतरायचं. आम्ही पुढचे चारही दिवस हेच केलं: चढायला वाहन, उतरायला पाय. फक्त पाऊस पडला असेल तर जपून. फुटपाथचे पांढरे चुनखडीचे दगड झिजून गुळगुळीत झालेत, ओले झाले की शेवाळलेल्या घाटासारखे घसरतात.

आल्फामा हे नाव अरबी. १७५५ साली १ नोव्हेंबरला भूकंप, त्सुनामी आणि आग अशा तिन्ही संकटांनी बाइशा होत्याचं नव्हतं झालं, आल्फामाचं गल्लीबोळांचं जाळं मात्र बरंचसं टिकलं. म्हणून वर बोळ आणि खाली पट्टीने आखलेले रस्ते. पोंबालचा मार्किस म्हणजे तेव्हाचा मंत्री, त्याने बाइशा नव्याने बांधताना भिंतींच्या आत लाकडी सांगाडे घालायला लावले. नमुना उभारून त्याच्याभोवती सैनिकांची कवायत घेतली आणि हादरे तपासले, असं सांगतात. भूकंप बघायचा असेल तर कार्मुच्या मठात जा. छप्पर कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही, नुसत्या कमानी आणि वर आकाश.

२८ नंबरची पिवळी ट्राम सकाळी आठच्या आत मार्तीं मुनीश या सुरुवातीच्या थांब्यावर पकडा. नंतर दादर स्टेशन. पाकीट पुढच्या खिशात. तिकीट ट्राममध्ये घेतलं तर बरंच महाग पडतं, मेट्रो स्टेशनवर कार्ड घ्या, माणशी एक.

नदीकाठच्या बेलें या भागात १५ नंबरची ट्राम जाते. आम्ही सोमवारी गेलो आणि जेरोनिमुश मठाचं बंद दार बघून परतलो, चूक आमचीच. मंगळवारी पुन्हा. आतल्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. गडी १५२४ मध्ये कोचीनला वारला, तिथेच पुरला, काही वर्षांनी अवशेष पोर्तुगालला नेले, आणि या चर्चमध्ये आणले ते थेट १८८० साली. जवळच गोवा जिंकणाऱ्या आफोन्सु द आल्बुकेर्कचा पुतळा आहे. ‘आपल्या हापूसचं नाव याच्यावरून पडलं म्हणतात,’ असं सांगितल्यावर आईने त्याच्याकडे जरा आदराने पाहिलं. १८३७ पासूनच्या दुकानातले कस्टर्डचे पेढ्याएवढे टार्ट खाल्ले. खिडकीवरची रांग लांब असेल तर आत बसा, आत भरपूर खोल्या आहेत.

जेवायला बसलं की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज समोर येतं. ते फुकट नसतं, नको असेल तर हात न लावता परत द्या. शाकाहाऱ्यांनी काल्दु व्हेर्द हे हिरवं सूप मागवताना विचारावं, वर बहुतेकदा सॉसेजची चकती तरंगते. नाव ‘शोरीसु’, म्हणजे गोव्यातल्या चोरिसाचा थोरला भाऊ.

आईला मात्र भाषेची अडचण फारशी आलीच नाही. बाजारात ‘बटाटा’ म्हणाली की बटाटे मिळायचे, ‘अननस’ म्हणाली की अननस. निघायच्या दिवशी घरमालकीण दारात येऊन काहीतरी लांबलचक बोलली. त्यातला ‘शाव’ एवढाच शब्द मी नीट ऐकला, मोबाईल काढून भाषांतर शोधायला लागलो, तोवर आईने पर्समधून चावी काढून तिच्या हातावर ठेवली होती.