पाचव्या जागेवरची मुलगी

शनिवार, रात्री साडेअकरा. अमेरिकेतल्या इलिनॉयमधलं हॉटेल.

मुली झोपल्या असाव्यात. माझ्या बोटांना अजून टेपचा चिकटपणा आहे. दिवसभर बोलिंग, म्हणजे बॉल घरंगळवून दहा पिना पाडायचा खेळ, खेळून अंगठे सुजतात, बॉलच्या भोकात अडकतात. मग आतली टेप काढायची, बोट बारीक झालं की परत लावायची. कॉलेजात हे मी माझ्यापुरतं करायचे, आता कोच म्हणून पाच-सहा जणींचं बघते.

संध्याकाळचा सामना बेकर पद्धतीचा होता. म्हणजे पाच जणी मिळून एकच गेम, त्यात दहा फ्रेम, म्हणजे दहा पाळ्या. पहिलीला पहिली आणि सहावी फ्रेम, दुसरीला दुसरी आणि सातवी, असं करत पाचवीला पाचवी आणि दहावी. दहावी फ्रेम बहुतेक वेळा निकालाची, म्हणून पाचव्या जागेला मान मोठा. सात गेमपैकी चार जिंकायचे; ३-३ झाले. सातव्या गेमआधी मी आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलीला पाचव्या जागेवरून तिसरीवर आणलं आणि तिच्या जागी दुसऱ्या वर्षाची मुलगी उभी केली.

मोठीने फक्त एवढंच विचारलं, "कोच, माझं काही चुकलं का?" मी "नाही" म्हटलं आणि फळ्याकडे वळले.

चुकलं तिचं काहीच नव्हतं. लेन, म्हणजे बॉल घरंगळतो ती वाट, ६० फूट लांब, पण तेल पुढच्या साधारण ४० फुटांवरच असतं, आणि दिवसभर त्याच वाटेने बॉल गेले की ते उडतं. बॉल लवकर वळायला लागतो, पिनांपाशी पोचेपर्यंत त्याचा जोर संपतो. नऊ पिना पडतात आणि उजव्या कोपऱ्यातली दहावी तशीच उभी. तिचे लागोपाठ तीन बॉल असेच गेले होते. टाकणं तितकंच सुरेख, पण तिच्या बॉलला मुळातच वळण जास्त. धाकटी सरळ टाकते. सुकलेल्या लेनवर तिचा बॉल टिकतो.

हे सांगायला वीस सेकंद लागली असती.

कॉलेजात तिसऱ्या वर्षी माझ्या कोचनेही मला असंच पाचव्या जागेवरून हलवलं होतं, न बोलता. कितीतरी वर्षं मला वाटायचं, त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला. नाशिकच्या आजीला फोनवर सांगताना रडले होते. बोलिंग म्हणजे तिच्या लेखी क्रिकेट, पण "तुला मागे का बसवलं?" हे तिने बरोबर विचारलं. आज फळ्यापाशी उभी राहिल्यावर पहिल्यांदा जाणवलं, की ते तेव्हा लेनकडे बघत असणार.

आम्ही दोन पिनांनी हरलो. धाकटीने दहाव्या फ्रेमचा पहिला बॉल छान टाकला, तरी दहावी पिन राहिलीच. तिने दुसऱ्या बॉलने ती पाडून स्पेअर केला, पण तिथे स्ट्राइकच, म्हणजे पहिल्याच बॉलला दहाही पिना, हवा होता. मोठीने आठव्या फ्रेमला स्ट्राइक मारला होता. मग ती टेपचा रोल हातात धरून धाकटीच्या मागे उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं.

आमचा संघ तिसऱ्याच वर्षात आहे. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतली कॉलेजच्या खेळांची संघटना, तिची बोलिंगची राष्ट्रीय स्पर्धा २००४ साली सुरू झाली, तीही फक्त मुलींची. पहिल्या वर्षी नेब्रास्का विद्यापीठ जिंकलं. २०२४ मध्ये जॅक्सनव्हिल स्टेट विद्यापीठाने तर संघ उभा केल्याच्या पहिल्याच मोसमात ती जिंकली. मुलींना हे मी पुन्हापुन्हा सांगते, कारण मला ते मनापासून शक्य वाटतं. मोठीला मात्र दुसरं वर्ष मिळणार नाही. एप्रिलमध्ये तिचं बोलिंग संपेल.

हॉटेलच्या कागदावर लेन काढली आहे. लेनच्या रुंदीतल्या ३९ पट्ट्या, तेल कुठे होतं, कुठे उडालं, मोठीचे तीन बॉल कुठून वळले. नाश्ता साडेसहाला आहे. सहाला तिच्या दारावर टकटक करायची.