नेत्रावळी, दोन रात्री, चार पोटं: सुक्या जेवणाची नोंद

डिसेंबर-जानेवारीतल्या नेत्रावळीच्या (गोव्यातल्या सांगे तालुक्यातलं अभयारण्य) फेरीचा बेत बराचसा पक्का झालाय. मोठी दोन, मुलं दोन (८ आणि ११ वर्षांची), पहिल्या दुपारपासून तिसऱ्या दुपारपर्यंतचं जेवण. मुक्काम वेर्ले आणि साळगिणी या तिथल्या गावांच्या बाजूला, वस्तीतल्या अंगणात विचारून. स्टोव्ह तिथेच पेटवायचा, रानात नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात लागलेले वणवे पाहिल्यावर याचं कारण सांगायला नको. त्यामुळे बेताचे आपोआप दोन भाग पडतात: सकाळ-रात्र गरम, दुपार बिनआगीची.

वजनाचा हिशेब असा. आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत ७ ते ९ वयाला दिवसाला १७०० किलोकॅलरी आहेत. १० ते १२ च्या मुलाला २२२०, मुलीला २०६०. ग्रॅममागे सरासरी ४.२ किलोकॅलरी बसवली की धाकट्याला दिवसाला ४५० ग्रॅम, थोरल्याला ५३०, मोठ्यांना प्रत्येकी ६२० पुरतात. अडीच दिवसांचं मिळून साडेपाच किलो. मुलांचा खाऊ सोडला तर ते सगळं मोठ्यांच्या पाठीवर. पंचवीस किलोच्या मुलाने पाण्यासकट दोन-अडीच किलोपेक्षा जास्त उचलू नये, म्हणजे त्याच्याकडे पाणी, खाऊची पिशवी आणि एक जाकीट एवढंच.

पण मुलं बरोबर असताना कॅलरीचा तक्ता दुय्यम. आधी बघायचं ते डब्यात किती उरणार. चढ चढून आलेलं मूल अनोळखी चवीला हात लावत नाही आणि उरलेलं रानात टाकता येत नाही, पुन्हा पाठीवरच येतं. म्हणून तयार पाकिटं पहिल्याच फेरीत बाद केली. घरात रोज जे पोटात जातं, पेज, तोय (तूरडाळीचं पातळ वरण), तिजाण (नाचणीची गोड खीर), तेच घरच्या वाळवणी यंत्रात (डिहायड्रेटर) वाळवून सुकं न्यायचं.

भात. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो: शिजवून वाळवलेल्या भाताने वजन वाचत नाही. १०० ग्रॅम तांदूळ शिजवून वाळवले की पुन्हा जवळपास तेवढेच भरतात. वाचतो तो गॅस आणि वेळ. उकड्या तांदळाला साध्या भांड्यात ३५-४० मिनिटं लागतात. वाळवलेल्याला उकळतं पाणी आणि १५ मिनिटं झाकण पुरतं. उकडा मात्र हट्टी, दाण्याच्या आत टणक कणी राहते. उपाय दोन. एक, शिजवताना नेहमीपेक्षा मऊ करून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचा, मग ६० अंशांवर वाळवायचा. गोठल्याने दाणा आतून सच्छिद्र होतो आणि पाणी लवकर पितो. दोन, वाळल्यावर मिक्सरला एकच झटका द्यायचा, पीठ करायचं नाही. या कण्यांची पेज आठ-दहा मिनिटांत होते. मुलांसाठी प्रमाण: ५० ग्रॅम कण्या, ४०० मिलि पाणी, मीठ, वरून चमचाभर तूप. पेजेचा दुसरा फायदा म्हणजे दिवसभर पाणी प्यायचा कंटाळा केलेल्या मुलाच्या पोटात ते पाणी न कुरकुरता जातं. लोणच्याची बाटली नको, तेल गळतं. दोन फोडी छोट्या डबीत भरपूर झाल्या.

वाळलेल्या भाताचे दाणे धारदार असतात, पातळ प्लास्टिकला बारीक भोकं पाडतात. जाड झिपची पिशवीच घ्या, आणि आत कागदी पिशवीचं अस्तर.

तोय सगळ्यात सोपी निघाली. २०० ग्रॅम तूरडाळ हळद-हिंग घालून गाळ शिजवायची, घोटायची, ट्रेवर तीन मिलिमीटर जाडीने पसरायची. ५७ ते ६० अंशांवर सात ते नऊ तास, मध्ये एकदा उलटायची. पापडासारखी कट्कन मोडली की झाली. वाकली तर आत पाणी आहे. मग मिक्सरमध्ये भुकटी. वाळवण्याआधी तेल, तूप, नारळ काहीही घालायचं नाही. स्निग्धांश वाळत नाही, नुसता खवट होतो. फोडणी घरीच तुपात मोहरी-कढीपत्ता तडतडवून बाटलीत भरायची आणि ताटात वरून घालायची. धाकट्याला ३० ग्रॅम भुकटी आणि २०० मिलि पाणी, मोठ्यांना ४० ग्रॅम आणि २५० मिलि. भुकटी उकळत्या पाण्यात टाकली की बाहेरून शिजलेल्या, आत कोरड्या गुठळ्या होतात. आधी थंड पाण्यात कालवून मग चढवा. नारळाच्या दुधाची पावडर (माणशी १० ग्रॅम) भांडं उतरवल्यावर घाला, नाहीतर फाटते.

तुपाबद्दल एक. संध्याकाळपर्यंत बाटलीतलं तूप पातळ असतं आणि सांगे भागातल्या डिसेंबरच्या पहाटे थिजलेलं. खोबरेल तर २४-२५ अंशांलाच घट्ट होतं. रुंद तोंडाची बाटली घ्या, म्हणजे पहाटे चमचा आत जाईल. झाकण चिकटपट्टीने बंद करून बाटली वेगळ्या पिशवीत.

भाज्यांत खरं वजन उतरतं, कारण टोमॅटोत ९४ टक्क्यांच्या आसपास पाणी. गाजराचे चौकोनी तुकडे मुलं थुंकतात, आणि त्यात मुलांचं काही चुकत नाही: ते बाहेरून भिजतात, आत रबर राहतात. गाजर किसा, दोन मिनिटं वाफवा, मग वाळवा. मटाराची साल पाणी आत घेत नाही, प्रत्येक दाण्याला टोचा मारावा लागतो. काम कंटाळवाणं आहे, पण न टोचलेला मटार छऱ्यासारखा दाताखाली येतो. तांबडी भाजी (लाल माठ) वाळून मूठभर होते आणि भात गुलाबी करते. रंगाच्या नादाने दोन घास जास्त जात असतील तर आमची हरकत नाही.

सकाळची तिजाण, एका मुलाची: भाजलेलं नाचणीचं पीठ ३५ ग्रॅम, दूध पावडर १५, नारळाच्या दुधाची पावडर १०, गूळ २०, वेलची, चिमूट मीठ, ३०० मिलि पाणी. साधारण ३३० किलोकॅलरी. पीठ भाजलेलं असलं तरी चार-पाच मिनिटं शिजायलाच हवं, नाहीतर कच्चट लागते आणि वाटेत पोट फुगतं. गूळ पिठात मिसळून नेऊ नका. इथल्या हवेत गुळाची पावडर ओल खेचते आणि रात्रीत पूर्ण पुडीचा दगड होतो. माडाचा गूळ चवीला सरस, पण अधिक ओलसर. तो बटरपेपरात वेगळा.

ओलीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, आपल्याकडे वाळवण बिघडतं ते यंत्रात नव्हे, यंत्र बंद झाल्यावर. रात्री वाळवण पूर्ण झालं आणि ट्रे सकाळपर्यंत उघडा राहिला तर सगळं पुन्हा मऊ. कोमट असेपर्यंत झाकू नका, वाफ आत धरते. थंड झालं की लगेच काचेच्या बरणीत. बरणी आठवडाभर रोज हलवायची. कण चिकटायला लागले किंवा काचेला आतून दव दिसलं तर परत ट्रेवर. बुरशी आली असेल तर पूर्ण बरणी टाकायची, वरचं काढून खाली चाखत बसायचं नाही.

दुपारचं जेवण. पहिल्या दिवशी पोई (गोव्याचा कोंड्याचा पाव) चालते. दुसऱ्या दिवशी तिचा वातड तुकडा होतो आणि जागाही फार खाते. दुसऱ्या दिवसासाठी दुधात मळलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. तिसऱ्या दुपारी रोसातले पोहे: पातळ पोहे ६० ग्रॅम, नारळाच्या दुधाची पावडर १५, गूळ २०, पाणी अंदाजे १२० मिलि. ही पावडर थंड पाण्यात विरघळत नाही, पांढरे कण तरंगत राहतात आणि मुलांना ते किडे वाटतात. सकाळीच थर्मासात वाटीभर गरम पाणी भरून ठेवा, पावडर आणि गूळ त्यात फेटा, मग बाकीचं थंड पाणी.

खाऊ प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या पिशवीत, दिवसाला १०० ग्रॅम: काजू ३५, भाजके शेंगदाणे २५, आंब्याचं साठ (आंबापोळी) २५, चुरमुरे १५. दोन पुड्या करा आणि दुसरी पुडी मोठ्यांकडे ठेवा. एकत्र दिलं तर पहिल्या चढाआधी फस्त. पाच वर्षांखालचं मूल असेल तर काजू-दाणे अख्खे देऊ नका, घशात अडकतात. फणसाचे तळलेले गरे आवडतात, पण पाठीवर चुरा होतो; डब्यात नेणार असाल तरच. माकडं पिशवीचा आवाज ओळखतात, म्हणून थांब्यावर खाऊ स्टीलच्या डब्यातूनच काढायचा.

पिण्यासाठी लिटरमागे सहा-सात सोलं (सुकी कोकमं), ४० ग्रॅम साखर, चिमूट मीठ. थंड पाण्यात अर्ध्या तासात रंग उतरतो. आगळाची (कोकमाच्या रसाची) बाटली म्हणजे नुसतं पाणी वाहणं. ओआरएसची पुडी मात्र वेगळी हवीच, तिची जागा सोलं घेत नाहीत.

गॅस: रात्री सव्वादोन लिटर आणि सकाळी दीड लिटर पाणी तापवायचं. झाकण आणि वाऱ्याचा आडोसा असला की लिटरमागे १४-१५ ग्रॅम, तिजाण शिजवायला थोडा अधिक. दोन रात्री, दोन सकाळी मिळून दीडशे ग्रॅमच्या आत. २३० ग्रॅमचं एक कॅनिस्टर पुरून उरतं. पिण्याचं पाणी फिल्टरनेच, ते उकळायला घेतलंत तर हा हिशेब कोलमडतो. भात भिजतानाची १५ मिनिटं मुलांना सर्वांत जड जातात. तेवढ्यात टोमॅटोची भुकटी ८ ग्रॅम, २०० मिलि गरम पाणी, मीठ, साखर: सार लगेच हातात.

सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं) अजून ठरलेलं नाही. डोकी-शेपट्या काढून कोरडी भाजली आणि सुक्या खोबऱ्यात कालवून किसमूर (कोरडी कोशिंबीर) केली तर वजनाला नगण्य, चवीला पेजेबरोबर तोड नाही. पण एखादी मिशी राहिली तरी मुलाच्या घशाला टोचते, आणि वासाने वस्तीतली कुत्री रात्री पिशव्या हुंगत फिरतात. सध्या माणशी १० ग्रॅम, फक्त मोठ्यांसाठी, दुहेरी डबीत. मुलांच्या पुडीत घालायची झाली तर भाजून मिक्सरमध्ये फिरवून चाळणीतून चाळायची. बारीक चाळणीची भुकटी पेजेत कशी लागते ते अजून पाहायचंय.