डोंबिवलीत जेवायचं कुठं? माझा अनुभव

नोकरीसाठी कोल्हापूर सोडून डोंबिवलीला आले. खोली शोधायला एजंट मिळाला, पण जेवायच्या जागा मात्र माझ्या मलाच शोधाव्या लागल्या. खोलीत एकच शेगडी, सकाळी सव्वासातची लोकल, परत यायला रात्रीचे आठ. रोज स्वयंपाक होत नाही आणि रोज मोठ्या हॉटेलात जाणं खिशाला झेपत नाही. शंभर-दीडशे रुपयांत पोट भरावं, चव लक्षात राहावी आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोट धरून बसायची वेळ येऊ नये, एवढीच माझी अपेक्षा होती.

पहिल्यांदा सगळे शोधतात तसं मीही फोनवर शोधलं. तिथं वर दिसतात ती मानपाडा रोडची आणि एमआयडीसीकडची एसी हॉटेलं, कारण तिथं वाढदिवसाला आलेली माणसं हौसेनं फोटो टाकतात. रोज संध्याकाळी चार पोळ्या आणि पाव किलो भाजी घेऊन घराकडे पळणारी बाई रेटिंग देत बसत नाही. शिवाय दिलेले तारे नेमके कशासाठी, ते कळत नाही. स्टेशनजवळ एका उडप्याकडे इडली हलकी, सांबार ताजं, चटणीत खोबरं भरपूर. आणि त्याच्याच पावभाजीत नुसता रंग. सरासरी काढली की दोन्ही 'बरं' ठरतं. मग मी हॉटेलांची यादी सोडून पदार्थांची यादी करायला घेतली. इडली कुठली, वडा कुठला, थालीपीठ कुठलं, मासे कुठले.

माणसांना विचारायची पद्धतही बदलली. 'इथं चांगलं कुठं मिळतं?' असं विचारलं की माणूस पाहुण्याला सांगावं तसं मोठं नाव सांगतो. 'तुम्ही स्वतः वडा कुठनं घेता?' असं विचारलं की तो जरा थांबतो, मग एखादा बोळ सांगतो आणि जाता जाता म्हणतो, 'पण चारनंतर जा हां.' शेअर रिक्षाच्या रांगेतले काका, इस्त्रीवाले दादा, लेडीज डब्यात मटार सोलत बसलेल्या ताई, सगळ्यांच्या सांगण्यात ही वेळ असायचीच. ती मी पदार्थाच्या पुढं लिहून ठेवायला लागले आणि तिथून माझं खरं जमलं. इथल्या प्रत्येक जागेचा एक पदार्थ असतो आणि त्या पदार्थाची एक वेळ असते. ती गाठली तर साध्या गाडीवरही सुरेख खायला मिळतं. ती चुकली तर नावाजलेल्या ठिकाणीही गार, चिवट काहीतरी पुढ्यात येतं.

डोंबिवलीत राहून पोळी-भाजी केंद्रांकडे दुर्लक्ष करणं म्हणजे या गावाची ओळखच करून न घेणं. नवरा-बायको दोघंही सकाळच्या गाडीनं मुंबई गाठतात, परतायला रात्र होते. त्या गरजेतून ही केंद्रं गल्लोगल्ली उभी राहिली. बहुतेक ठिकाणी बायकांच्याच हाती सगळा कारभार. माझं नेहमीचं केंद्र पूर्वेला, फडके रोडपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. दोघीजणी लाटतात, एक भाजते. लाटताना घडीत तेलाचं बोट फिरवून वर पिठी भुरभुरतात, त्यामुळं पोळी तव्यावर टम्म फुगते आणि उतरल्यावर पदर सुटे होतात. उतरलेली पोळी आधी कापडावर जरा वाफ जाऊ देतात, मगच कागदात बांधतात. वाफेसकट बांधलेली पोळी घरी जाईपर्यंत ओली होते, हे मला तिथंच उभं राहून कळलं.

एकदा लवकर सुटले आणि सहाच्या सुमाराला तिथं पोचले. काकू म्हणाल्या, 'अगं, या चारच्या पोळ्या आहेत. घाई असेल तर ने, नाहीतर अर्धा तास थांब, गरम देते.' पोळ्या समोर तयार होत्या, गिऱ्हाईक पैसे काढून उभं होतं, तरी त्यांनी खरं ते सांगितलं. मी थांबले. त्या दिवसापासून दुसरं केंद्र शोधायची गरज पडलेली नाही.

माझ्या कोल्हापुरी जिभेला त्यांची आमटी सुरुवातीला गोड लागायची. काकूंना सांगितलं तर त्यांनी आमटी होती तशीच ठेवली आणि वर ठेच्याची पुडी दिली. आता तीच गूळ-गोडा मसाल्याची आमटी मला आवडते. त्यांच्याकडची डाळिंबी उसळ, अळूची पातळ भाजी आणि गुरुवारची उपासाची वरी-दाण्याची आमटी चुकवू नये अशी. संकष्टीच्या उकडीच्या मोदकांची ऑर्डर दोन दिवस आधी द्यावी लागते. अंगारकीला तर त्याही आधी.

वड्याचं गणित वेगळं. वडापाव लोकलनं ये-जा करणाऱ्यांच्याच भुकेवर वाढलेला पदार्थ. दादर स्टेशनबाहेर 1966च्या सुमाराला अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असं मानलं जातं. गाडीवर मी आधी तेल बघते, मग वडा. तेल काळपट, चिकट दिसत असेल, फेस वर आला की खाली बसत नसेल, कढई तापताच धूर आणि खवट वास येत असेल, तर गर्दी कितीही असो, मी पुढं जाते. तळणीच्या तेलातल्या पोलर घटकांचं, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणाऱ्या खराब घटकांचं, प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. गाडीसमोर उभं राहून ते मोजता येत नाही, पण डोळ्यांना आणि नाकाला बरंच कळतं. दुसरी खूण म्हणजे घाणा. दहा-बारा वड्यांचा घाणा काढून तो संपल्यावरच पुढचा टाकणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो. परातीत वड्यांचा ढीग रचून ठेवलेला असेल तर त्यातला वडा केव्हाचा आहे ते सांगता येत नाही. बसून खायची जागा असेल तर भिंतीवर अन्नसुरक्षा परवान्याचा 14 आकडी नंबर आहे का तेही बघते. लहान विक्रेत्यालाही नोंदणी लागतेच.

हातात लोकलचा पास असल्यामुळं ठाण्याला उतरायला वेगळा खर्च नाही. ठाण्याची मामलेदार मिसळ, तहसील कचेरीच्या आवारात 1946 साली सुरू झालेल्या कँटीनची, मी शनिवारी सकाळीच खाते. कोल्हापूरची मिसळ ब्रेडच्या स्लाइसबरोबर खायची सवय, इथं पाव. तिखटाला ही मिसळ आमच्याकडच्या कटापुढं कुठंही कमी नाही, हे मी कोल्हापूरकर असून मनापासून लिहिते. तिखटाची सवय नसेल तर आधीच कमी तिखट मागावी. कल्याणचा खिडकी वडाही असाच वाट वाकडी करून खाण्यासारखा. घराच्या खिडकीतून विक्री सुरू झाली म्हणून ते नाव पडलं.

माशांसाठी मात्र सगळ्यात जास्त फिरले. डोंबिवली-कल्याणची मूळ वस्ती आगरी-कोळ्यांची. कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूला आणि आतल्या गावांकडे आगरी खानावळी आहेत. तांदळाची हातावरची भाकरी, आगरी मसाल्याचं कालवण, तळलेले बोंबील, मिळालाच तर जिताडा. इथं मी मेन्यू कार्ड बघत नाही, सरळ विचारते, 'मावशी, आज काय आलंय?' उत्तरात दोन-तीनच नावं आली तर बसते. बारा महिने सगळे मासे हजर असलेल्या ठिकाणी मला शंका येते, कारण 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या काळात ताटात आलेली सुरमई बहुधा बर्फातली. अशा दिवसांत एका मावशींनी मला सुरमई दिलीच नाही. 'आता सुकट खा, नायतर खाडीची चिंबोरी आहे ती घे,' म्हणाल्या. चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं, कालवण इतकं झणझणीत आणि दाट होतं की भाकरीवर भाकरी मागत गेले. पुढं श्रावण लागला की निम्म्या खानावळींत गर्दी ओसरते. न पाळणाऱ्यांनी त्या दिवसांत जावं, निवांत बसायला मिळतं आणि मावशींना बोलायलाही सवड असते.

एक शोध अजून चालू आहे. 'कोल्हापुरी' असं लिहिलेल्या पाट्या इथं पुष्कळ दिसतात, पण तांबड्या रश्श्यात नुसता तिखटपणा आणि पांढरा रस्सा पिठूळ. पांढऱ्यात मटणाचा अर्क उतरलेला हवा, खसखस, तीळ आणि नारळाच्या दुधाची चव हवी. परवा डब्यात इचलकरंजीच्या एक ताई भेटल्या. ठाकुर्लीला त्यांच्या ओळखीच्या एक काकी रविवारी घरातूनच मटणाचं ताट देतात म्हणे. शुक्रवारी रात्रीपर्यंत सांगायचं आणि एक वाजायच्या आत जायचं, त्यानंतर पांढरा संपतो. या रविवारसाठी मी दोन ताटं सांगून ठेवली आहेत.