वऱ्हाडीतला अर्धा र

आईचा ठेच्याचा घरगुती धंदा अकोल्याहून चालतो. बरणीवर नाव मराठीत, मग वेबसाइटचा पत्ता इंग्रजीत कशाला? म्हणून मी डॉट भारत घ्यायचं ठरवलं. देवनागरीतलं हे डोमेन २०१४ पासून मिळतं आणि डॉट इनसारखंच तेही निक्सी ही भारतीय संस्था सांभाळते. पण 'वऱ्हाडी'ने सुरू होणारं आमचं नाव टाकलं की फॉर्म लाल व्हायचा: अवैध अक्षर.

तीन दिवस चॅटवर भांडले. ज्या कंपनीकडून घेत होते ती परदेशातली. पलीकडचा माणूस सभ्य होता, पण तो हे सगळं हिंदीच समजत होता. 'वर्हाडी' लिहून बघा, म्हणाला. चाललं असतं हो, पण आईने मला घरात घेतलं नसतं.

शेवटी शब्द अक्षर-अक्षर फोडून पाहिला. हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक तर खाली टिंब असलेल्या 'ऱ'ला हलन्त जोडायचा, नाहीतर साध्या 'र'ला हलन्त देऊन मागे एक न दिसणारं जोडचिन्ह लावायचं. माझा जुना कीबोर्ड दुसरं करत होता. पडद्यावर दोन्ही जुळी भावंडं, संगणकाला मात्र परकी. असली अदृश्य चिन्हं चालू दिली तर आमच्यासारखंच दिसणारं नाव घेऊन कुणीही दुकान थाटेल. नकार बरोबरच होता, फक्त कारण कुणी सांगत नव्हतं. 'ऱ' घेऊन टाइप केलं आणि दोन मिनिटांत काम झालं.

मग वाचत बसले. आयकॅन, म्हणजे जगभरच्या इंटरनेट-पत्त्यांची व्यवस्था पाहणारी संस्था. तिच्यासाठी ब्राह्मीकुळातल्या नऊ लिप्यांचे नियम एका गटाने ठरवले. त्यात 'ऱ'ला जागा आहे, पण हलन्त सोबत असेल तरच. नेपाळीलाही 'गऱ्यो' लिहायला तोच लागतो. म्हणजे आमच्या ठेच्याला काठमांडूत सोयरे निघाले!

पुष्टीचा मेल आला तो मी फसवणूक समजून उडवणारच होते. पत्ता 'एक्सएन'ने सुरू होणारा, शेवटी 'एक्सएन--एच२बीआरजे९सी'. हेच 'भारत'चं यंत्राला कळणारं रूप.

हल्ली आई फोनवर पत्ता सांगते, "मराठीतच टाका बरं का." तरी डॉट इनही घेऊन ठेवलंय. त्यात व्ही घालायला हवा होता की डब्ल्यू, यावरून घरात अजून वाद चालू आहे.