जाळी, खंदक आणि गच्चीवरची शेंगा: जानेवारी ते जूनची नोंद

मागच्या वर्षाअखेरीस ठरवलं होतं, प्राणिसंग्रहालयात जाळीच्या आतल्या प्राण्याचा जाळी न दिसणारा फोटो काढता आला पाहिजे. बाकी काही जमलं नाही तरी चालेल. ते जमलं. पण त्या नादात घरी जे लक्षात आलं त्यामुळे ही नोंद निम्मी कॅमेऱ्याची आणि निम्मी कुत्र्याची झाली आहे. नुसत्या सेटिंगसाठी वाचणाऱ्यांनी फेब्रुवारीपर्यंत वाचून सोडून दिलं तरी चालेल.

सामान जुनंच आहे. कॅनन २००डी आणि ५५-२५० लेन्स, दोन्ही लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाकडून सेकंडहँड घेतलेलं. नवीन वस्तू एकच, रेलिंगवर लेन्स टेकवायची थैली. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघते, त्यामुळे चिंध्यांना तोटा नाही. चादरीच्या तुकड्याची थैली शिवली, आत सव्वा किलो ज्वारी भरली. विकतच्या बीनबॅगपेक्षा चांगली बसते. मार्चमध्ये ज्वारीला सोंडे लागले, तेव्हा आईनं कडुलिंबाचा पाला टाकून दिला. आता माझ्या लेन्सला धान्याच्या कोठीसारखा वास येतो.

शेंगा म्हणजे आमची कुत्री, तिची ओळख थोडक्यात. वय अडीच वर्षं, रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालाचा, तोंड काळं. बाजार समितीच्या मागे पिल्लू असताना सापडली. गावठीच आहे, पण पाय लांब, पोट आत, छाती खोल. डॉक्टर म्हणाले, करवानीचं, म्हणजे मुधोळ हाउंडचं रक्त असणार. आपल्या भागात ते नवल नाही. कर्नाटकातलं मुधोळ इथून फार लांब नाही आणि जिल्ह्यात धनगरांच्या, शेतकऱ्यांच्या दारात अशी कुत्री पिढ्यान् पिढ्या आहेत. २००५ मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ हाउंड होतं. ते तिकीट मी शेंगाला दाखवलं. तिनं चाटलं.

जानेवारी

गड्ड्याची जत्रा. होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम आमच्या घरापर्यंत नीट ऐकू येतं. गेल्या वर्षी शेंगानं त्या रात्रीपासून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तोंडात घास घेतला नव्हता. या वेळी महिनाभर आधीपासून मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून बरोबर उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा, आणि दर तीन-चार दिवसांनी आवाज थोडा वाढवायचा, असं केलं. त्या रात्री मधल्या खोलीत खिडक्या लावून, खाटेवरून जाड चादर जमिनीपर्यंत सोडून खाली गुहा केली. थरथरली, पण तासाभरानं बाहेर येऊन भाकरी खाल्ली. फोटो काढला नाही. घाबरलेल्या जनावरासमोर काळं भिंग धरायचं नाही, एवढं तोवर कळायला लागलं होतं.

फेब्रुवारी

जाळीचा अभ्यास. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी दोन मीटर आणली, गच्चीवर दोन बांबूंना ताणून बांधली आणि पलीकडे शेंगाला बसवलं. आईनं कपडे वाळत घालताना बघितलं आणि म्हणाली, "कुत्रं घरचं, जाळी इकतची. मग पुण्याला कशाला जातीस? इथंच तिकीट लाव की."

जे हाती लागलं ते असं. लेन्स जाळीपासून वीतभर, शेंगा जाळीमागे चार मीटरवर, २५० मिमी, एफ ५.६: जाळी पूर्ण गायब. तिथंच एफ ११ केलं की फोटोवर राखाडी पट्टे. शेंगा जाळीला नाक लावून बसली तर काहीही करा, जाळी दिसतेच. म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं (एफचा आकडा लहान), झूम जास्त, आपण जाळीला जवळ आणि प्राणी जाळीपासून लांब. हे सगळीकडे लिहिलेलं असतंच.

न लिहिलेलं म्हणजे ऊन. जाळीवर ऊन पडलं असेल तर तारा दिसत नाहीत, पण अख्ख्या फोटोवर धुकं बसतं, काळा रंग काळा राहत नाही. मला आधी वाटलं लेन्सला बुरशी आली. मग जाळीच्या अलीकडच्या बाजूला आईची ओली साडी पडली, तिच्या सावलीतून काढलेला फोटो एकदम खणखणीत आला. तेव्हापासून पिंजऱ्यापुढे गेलं की आधी प्राणी बघत नाही, जाळीचा सावलीतला तुकडा शोधते. नाहीच सापडला तर मैत्रिणीला छत्री धरायला लावते.

दुसरी अडचण ऑटोफोकसची. तो मेला जाळीलाच चिकटतो. एकच मधला बिंदू घ्यायचा, जाळीच्या भोकातून डोळ्यावर ठेवायचा. तरी ऐकलं नाही तर हातानं फोकस.

काळ्या तोंडाचा हिशेबही शेंगावरच शिकले. कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो, आणि काळं तोंड धुतलेल्या पाटीसारखं करडं दिसतं. एक्स्पोजर उणे ०.७ केलं की तोंड काळं राहतं आणि डोळ्यातला उजेडाचा ठिपका उठून दिसतो. पुढे पुण्यात कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातल्या अस्वलाला हेच लागू पडलं.

मार्च

पहिली फेरी वाया गेली. सकाळी साडेसहाच्या सुमाराची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला, तिथून बसनं कात्रजला, आणि दाराला कुलूप. बुधवार. राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी चहा पिऊन परत.

पुढच्या खेपेला धनकवडीत मावशीकडे मुक्काम केला, म्हणजे सकाळचं ऊन तिरकं असतानाच आत. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: १९९९ मध्ये सुरू झालेलं, सुमारे १३० एकरांचं संग्रहालय आहे, पेशवे पार्कातले प्राणी इथेच हलवले. मोठ्या प्राण्यांना बरेच ठिकाणी जाळीऐवजी खंदक आहे. म्हणजे फेब्रुवारीचा अभ्यास तिथे निम्माच कामाला आला! खंदकापलीकडे अडचण वेगळी, आपण वर आणि प्राणी खाली. वरून काढलेला वाघ गालिच्यासारखा दिसतो. तो चढावर किंवा लांबच्या टोकाला जाईपर्यंत थांबायचं, मग नजर बरोबरीला येते. दीड तास थांबले. ज्वारीची थैली तिथं उपयोगी पडली. सापांच्या काचेला लेन्सच्या तोंडावरचं मऊ रबराचं हूड चिकटवलं की प्रतिबिंब जातं. फ्लॅश कुठंच नाही.

एक कबुली द्यायची आहे. अस्वल पाठ करून बसलं होतं आणि मी "च्च च्च" केलं. त्यानं बघितलं, फोटो मिळाला. शेजारी एक पोरगं शिट्ट्या मारत होतं, त्याला मी पाचच मिनिटांपूर्वी झापलं होतं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-जे खाली प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला चिडवणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं या सगळ्याला मनाई आहे, आणि त्यात "चांगल्या कॅमेऱ्यावाल्या बाईंना सूट" असं काही लिहिलेलं नाही. तो फोटो ठेवलाय, पण कुठं लावला नाही.

एप्रिल

दुसऱ्या एका शहरातलं संग्रहालय, नाव घेत नाही. लांडग्याचा पिंजरा.

लांडगा येरझाऱ्या घालत होता. डाव्या कोपऱ्यातून निघायचा, पाण्याच्या टाकीला वळसा, उजवा कोपरा, मान वर झटकायची, परत. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पायवाट पडली होती, तिथं गवताची काडी नव्हती. मी घड्याळ लावलं. एका फेरीला वीस-बावीस सेकंद. मान झटकण्याची जागा वीतभरही हलत नव्हती.

फोटोच्या दृष्टीनं यासारखं सोपं काही नाही. जाळीचा सावलीतला तुकडा बरोबर त्या वळणासमोर होता. तिथं आधीच फोकस करून ठेवला आणि लांडगा यायची वाट बघितली. पहिल्या फेरीत कान फ्रेमबाहेर कापला गेला, दुसऱ्यात डोळा मिटला. काही बिघडत नव्हतं, बावीस सेकंदांनी तो परत येणारच होता. अकराव्या फेरीला मिळाला. तीन वर्षांतला माझा सगळ्यात धारदार फोटो. पिवळा डोळा, मिशीचा केस न् केस, जाळीचा मागमूस नाही.

परतीच्या गाडीत मागच्या पडद्यावर तो मोठा करून बघत होते. शेजारच्या काकूंनी विचारलं, "जंगलात गेला होता का ओ?" मी हो म्हणाले नाही, नाही पण म्हणाले नाही.

जे प्राणी निसर्गात लांबवर हिंडतात, त्यांच्यातच बंदिवासात अशा येरझाऱ्या जास्त दिसतात. मांसाहारी प्राण्यांवरचा तसा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला होता. लांडगा एका रात्रीत किती किलोमीटर चालतो हे सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाकडच्या मेंढपाळांना विचारा.

मे

पारा ४३ च्या वर. बाहेर जाणं शक्य नाही म्हणून जुने फोटो निवडत बसले. गच्चीवरच्या शेंगाचा फोल्डर उघडला. पळत्या प्राण्याबरोबर कॅमेरा फिरवायचा सराव मी तिच्यावर केला होता आणि ती "फार सोपी" आहे असं आधीच्या एका नोंदीत कौतुकानं लिहिलं होतं. ४१ फोटो ओळीनं. एकेचाळीसही फोटोंत शेंगाचा उजवा पुढचा पाय त्याच तडा गेलेल्या शहाबादी फरशीवर. मान उजवीकडे झटकलेली.

मी सकाळी नऊला कारखान्यात जाते, सहाला येते. तेवढा वेळ ती गच्चीवर, पत्र्याच्या सावलीत, पाण्याच्या घमेल्याजवळ, आठ फुटी साखळीला. साखळी का, तर कठडा कमी उंचीचा आणि शेजारची गच्ची लागून. हौसेनं घेतलेली, लाल पट्टा लावलेली साखळी.

खात्री करायला मोबाइल टाकीवर ठेवून दुपारचा एक तास रेकॉर्डिंग केलं. ६१ फेऱ्या.

आईला दाखवलं. ती म्हणाली, "मला वाटायचं खेळतीया."

साखळी काढली. कठड्यावर लोखंडी पट्ट्या लावून कुंपण वाढवलं, आणि त्यासाठी जाळी कोणती, तर फेब्रुवारीतली तीच षटकोनी. थोडी कमी पडली, आणखी तीन मीटर आणली. बाकीच्या युक्त्या संग्रहालयांकडूनच उचलल्या. चांगली संग्रहालयं खाणं समोर ठेवत नाहीत, शोधायला लावतात. उन्हाळ्यात बर्फात गोठवून देतात. टाकाऊ टॉवेलच्या वळकट्यांत भाकरीचे तुकडे गुंडाळून गच्चीभर लपवायचे, आणि दुपारी आईनं डब्यात गोठवलेला काकडी-चिकनचा गोळा द्यायचा. पहिला गोळा शेंगानं जिन्यावरून खाली ढकलला. शेजारच्या अक्कांच्या दारात फुटला. अक्का एका दमात तेलुगूत काय बोलल्या ते कळलं नाही, सूर कळला.

फिरणं सकाळी पावणेसहाला आणि रात्री साडेआठनंतर. हाताची पालथी बाजू डांबरावर सात सेकंद टेकवायची. आपल्याला सोसत नसेल तर तिच्या पंजालाही नाही. आणि फिरणं म्हणजे तिला ओढत चालवणं नव्हे. एका खांबाचा वास घ्यायला चार मिनिटं लागली तर लागू द्यायची. हा धडा मला सगळ्यात जड गेला.

आपल्या जिल्ह्यातल्या कुत्रेवाल्यांसाठी एक सूचना. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत, थोडेसुद्धा चालत नाहीत. कांदाही रक्ताला वाईट. आपल्याकडे दोन्ही गोष्टी पोत्यानं घरात असतात आणि पाहुणे प्रेमानं भरवतात.

जून

पहिला पाऊस झाला. परत एक तास रेकॉर्डिंग केलं. ९ फेऱ्या. शून्य नाहीत. कारखान्यातून यायला उशीर झाला की वाढतात.

फोटोंचं मात्र वाटोळं झालं. आधी गच्चीवरच्या दोनशेत साठेक धारदार यायचे, आता वीस आले तर देव पावला. शेंगा आता ठरलेल्या फरशीवर येतच नाही. मध्येच थांबते, खारीसाठी कठड्यावर पाय लावते, टॉवेल तोंडात धरून कॅमेऱ्यावरच येते. आधीच फोकस करून वाट बघायची युक्ती बाद. आता सतत फोकस बदलणारा मोड, १/१००० सेकंदाचं शटर, ऑटो आयएसओला (सेन्सरच्या संवेदनशीलतेला) ३२०० ची मर्यादा, आणि नशीब.

एका रविवारी नान्नजला जाऊन आले, शेंगाला न घेता. माळढोकासाठी १९७९ मध्ये झालेलं अभयारण्य ते. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आणि काळविटांची पाडसं जिथं आहेत तिथं कुत्रं नेणं मला पटत नाही, दोरीला असलं तरी. काळवीट दिसले, पण २५० मिमीला ते शेंगदाण्याएवढे. लांडगा दिसला नाही. ओल्या मातीत ठसे होते, ते लांडग्याचे की धनगराच्या कुत्र्याचे हे मला सांगता येईना. त्या ठशांचा फोटो काढला. सरळ रेषेत गेले होते, लांबवर, कुठंही वळले नव्हते.

एप्रिलच्या फोटोखाली आता "लांडगा, बंदिवासातला" असं लिहिलंय आणि शेजारी त्याच्या पायवाटेचा, जाळीसकट, एफ ११ ला काढलेला फोटो लावलाय.

पुढचं ठरवलेलं: जुलैत कात्रज. ढगाळ उजेडात सावल्या मऊ असतात आणि हिरवळीवर रंग चांगले येतात. खंदकाच्या लांबच्या टोकाला उभं राहून बघायचंय. मावशीला कळवलंय. शुक्रवारी जातेय, दोनदा कॅलेंडर बघून.