पोळ्याच्या अंकाचे ६१ बाऊन्स

मागच्या नोंदीत मी छाती फुगवून लिहिलं होतं, यादी एकदम साफ केली म्हणून. ते शब्द मागे घेतो.

गावरान बियाण्यांचं आपलं मासिक पत्र ईमेलनं ४१२ पत्त्यांवर जातं. पोळ्याच्या अंकाचे ६१ परत आले (यालाच बाऊन्स म्हणतात) आणि मेलर-डीमनच्या, म्हणजे 'पत्र पोचलं नाही' कळवणाऱ्या यंत्राच्या नावानं जे जे आलं ते सगळे पत्ते मी पुसून टाकले. दसऱ्याच्या आसपास पुसदकडच्या काकूंचा फोन. "काऊन भाऊ, आमचं पत्र बंद केलं का? तीळ द्याले उशीर झाला म्हणून रागावले का?"

काकूंचा पत्ता ठणठणीत होता. मेलची पेटी तेवढी भरली होती.

मग ते ६१ निरोप पुन्हा उघडून एकेक वाचले. इंग्रजी पाल्हाळ सोडा, त्यातला आकड्यांचा कोड पाहा. ४ नं सुरू होत असेल तर दार आत्तापुरतं बंद आहे, ५ नं असेल तर कायमचं. पोस्टफिक्स (आपले मेल पाठवणारा प्रोग्राम) आपणहून पाच दिवस खेटे घालतं आणि मगच हात टेकतं. काकूंचा होता ४५२ ४.२.२. जीमेलचे १५ जीबी फोटो, ड्राइव्ह आणि मेल मिळून असतात; घरातलं लग्न झालं की संपलेच. असे १४ निघाले, सगळे परत घेतले.

सहा होते ५.४.४ चे, म्हणजे डोमेनच (पत्त्यातला @ नंतरचा भाग) सापडलं नाही. मीच वहीतून उतरवताना 'डॉट कॉम'चं 'डॉट कॉन' केलं होतं.

उरलेले बहुतेक ५५० ५.१.१, असा माणूस इथे राहत नाही. पुसायचे ते एवढेच, पण आधी फोन करून. आर्वीकडच्या एका दादांचं उत्तर ऐका: "तो ईमेल त मोबाईलवाल्या पोट्ट्यानं बनवून देल्ला होता. पासवर्ड त्यालेच माहीत." नवा फोन आला की नवा पत्ता, जुना तसाच पडून. दोन वर्षं वापर नसलेली खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकतंय, त्यातलीच यातली बरीच असणार.

एक निरोप मात्र यादीत नसलेल्याच पत्त्याचा होता. व्हर्प चालू होतं म्हणून सुटलो. प्रत्येक प्रतीच्या परतीच्या पत्त्यात घेणाऱ्याचा पत्ता गुंफायची ही युक्ती, क्यूमेल हा मेल सर्व्हर लिहिणाऱ्या बर्नस्टाईनची. त्यावरून कळलं, यादीतल्या एका गुरुजींनी जुना पत्ता नव्याकडे वळवला होता आणि नवा बंद पडला होता.

आता मेलमन (पत्त्यांची यादी सांभाळणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांसाठी, कारण इथे मी दोन वर्षं झोपलो होतो. मूळ सेटिंगमध्ये बाऊन्सचे गुण ५ झाले की सभासदाचं पत्र थांबतं, पण ७ दिवस नवा बाऊन्स आला नाही तर जुने गुण रद्द. दिवसाला एकच बाऊन्स मोजतात. पत्र महिन्यातून एकदा जात असेल तर गुण १ च्या वर कधी चढणारच नाहीत! मी मर्यादा ३ केली आणि मुदत १०० दिवस.

आणि लगेच तोंडघशी पडलो. दिवाळी अंकाआधी सर्व्हर बदलला, त्याचा नवा आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) एसपीएफमध्ये, म्हणजे आपल्या नावानं मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरांच्या यादीत टाकायचा राहिला, डीकेआयएम ही मेलवरची डिजिटल सहीही बंद. जीमेलचे झाडून सगळे परत, ५५० ५.७.२६. कोड ५ चाच, पण दोष घेणाऱ्याचा नाही, माझा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला या दोन्हींपैकी निदान एक लागतंच, यादी कितीही लहान असो. मेलमननं बिचाऱ्या सगळ्यांच्या नावावर एकेक गुण चढवला. ते हातानं शून्य करण्यात एक अख्खी रात्र गेली, त्यात दोनदा लाइट गेली.

अजून ११ जणांना फोन करायचे आहेत. कापूस वेचणी चालू आहे, दिवसा कोणी उचलत नाही. रात्री आठनंतर लावतो.